मुकुंदाच्या हातची कडी

फोन आला तेव्हा मी परसात पपईच्या झाडाला टेकू लावत होतो. मिरजेहून मुकुंदाची मुलगी, विद्या, बोलत होती. ‘काका, बाबा गेले,’ एवढं म्हणाली आणि पुढं तिला बोलता येईना. मी ‘बरं, निघतो’ म्हणालो, फोन ठेवला आणि परत जाऊन टेकू पक्का केला. माझी बायको त्यावरून मला अजून बोलते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःखाच्या आधी राग आला. हा मनुष्य आयुष्यात कुठं वेळेवर पोचला नाही. शाळेच्या प्रार्थनेला नाही, स्वतःच्या लग्नाच्या अक्षतांना नाही. एस.टी. तर त्याच्यासाठी कंडक्टरला हातापाया पडून मी किती वेळा थांबवली असेल, त्याची गणतीच नाही. आणि जायचं म्हटल्यावर मात्र माझ्या आधी नंबर लावून मोकळा झाला. एस.टी.त खिडकीशी बसलो, कऱ्हाड मागं पडलं, आणि मग काय व्हायचं ते झालं. शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

मुकुंद कासार आणि मी एकाच वर्षी उंब्रजच्या हायस्कुलात नोकरीला लागलो. तो चित्रकलेचा, मी गणिताचा. दोघंही सडेफटिंग, म्हणून हायवेच्या अलीकडं एका खोलीत एकत्र राहिलो. स्वयंपाक मी करायचो आणि नावं तो ठेवायचा. त्याच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मिरजेच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. मुकुंदा चित्रकलेची परीक्षा देऊन मास्तर झाला खरा, पण त्याआधी अण्णांबरोबर गावोगावच्या जत्रा हिंडून त्यानं बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या होत्या. त्यामुळं कुणी बाई समोर आली की त्याची नजर आधी मनगटावर जायची. नव्यानं आलेल्या हिंदीच्या बाई यावरून एकदा चिडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी यानं त्यांच्यासाठी मिरजेहून डझनभर बांगड्या आणल्या आणि त्या बरोब्बर बसल्या, तेव्हा त्यांचा राग गेला. ‘दोन-चारच्या मापाचा हात हाय, दोन-सहा घालून फिरत हुत्या. बघवंना मला,’ असं त्याचं म्हणणं.

कासाराची एक मिजास असते, ती इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. मोठ्या मापाची बांगडी कुणीही हातात सरकवील. पण अंगठा तळव्यात दुमडून, बोटांची मुळं चेपून, हाताला साबण लावून जी सगळ्यांत लहान बांगडी हातावर चढवता येईल ती चढवायची, हे कासाराचं कसब. मनगटावर घट्ट, देखणी बसली पाहिजे. हातातून गळणारी बांगडी म्हणजे कासाराची नाचक्की. अण्णा म्हणे गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी सैल दिसली तर पैसे न घेता बदलून द्यायचे. मुकुंदाच्या बोटांत हे लहानपणापासून मुरलेलं होतं. घट्ट ते चांगलं आणि सैल ते वाईट, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. मुंबईच्या पक्षी-अभ्यासकांच्या एका संस्थेनं आमच्याकडच्या एका तलावावर हिवाळी शिबिर घ्यायचं ठरवलं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरचा जुना, मातीच्या बांधाचा तलाव. थंडीत तिथं लांबलांबचे पक्षी उतरायचे. ते पकडायचे, पायात नंबर घातलेली हलकी कडी अडकवायची आणि सोडून द्यायचे. कडीवर संस्थेचा पत्ता कोरलेला. पक्षी पुढं कुठं सापडला आणि कुणी कळवलं की तो कुठून कुठं जातो ते समजणार. त्यांना बिनपगारी मदतनीस हवे होते, म्हणून आसपासच्या शाळांना विचारणा झाली. मुख्याध्यापकांनी ती मीटिंगमध्ये वाचून दाखवली तेव्हा सगळे हसले. मुकुंदानं मात्र हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं माझाही. ‘ह्यो गणिताचा हाय सर, वजनमापं घ्याय लागतीलच की,’ म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आईच्या हातची करंजी खायची सोडून मी तलावाच्या चिखलात कसा गेलो, याचं उत्तर एवढंच आहे.

कऱ्हाडहून विट्याच्या एस.टी.नं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि माळावरून चालत तलाव गाठायचा. बांधाखाली दोन राहुट्या. शिबिराचे प्रमुख रेगेसाहेब, पन्नाशीचे, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला, कधी आवाज चढवायचे नाहीत. राहुट्या, पाणी, चूल हे सगळं बघायला गावातले मानेतात्या होते. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी राहुट्यांभोवती चुनखडीच्या दगडांची ओळ लावून घेतली होती आणि त्या ओळीवरून कुणी उडी मारून आलं की ते खवळायचे. गावात पहिल्यांदा बोभाटा झाला की हे लोक पाखरं धरून मुंबईच्या हाटेलात पाठवतात. दोन-चार जण काठ्या घेऊन बघायलाही आले. मानेतात्यांनीच त्यांना समजावलं. ‘आवं, खात न्हाईत. पाखरांच्या पायात वाळं घालत्यात आन् सोडत्यात.’ त्यावर एक म्हातारा म्हणाला, ‘मग बारसं बी करत्यात का?’ तेव्हापासून गावात आमचं नाव बारशाची मंडळी असं पडलं.

काम मात्र गमतीचं नव्हतं. पहाटे लव्हाळ्याच्या कडेनं बारीक, केसासारख्या धाग्याची जाळी ताणायची. ऊन तापायच्या आत पक्षी सोडवून कापडी पिशवीत आणायचे, तागडीला पिशवी लटकवून वजन घ्यायचं, पट्टीवर पंख मोजायचा, पक्कडीनं कडी घालायची, सोडायचं. मी वजनं घेऊन लिहायचो. जाळ्यातून पक्षी सोडवणं हे सगळ्यांत अवघड. पक्षी धडपडून धागे पंखाखाली, मानेभोवती गुंडाळून घेतो, आणि आपण घाई केली की त्याचं हाड मोडतं. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा रेगेसाहेबांनी शांतपणे पक्षी माझ्या हातून काढून घेतला. मुकुंदाला ते पहिल्या दिवसापासून जमलं. तो पक्ष्याचे पाय दोन बोटांत धरायचा, तोंडानं काहीतरी पुटपुटायचा आणि धागा एकेक करून उतरवायचा. मी विचारलं काय पुटपुटतोस, तर म्हणाला, ‘तेच, जत्रंतलं. हात ढिला सोड ताई, दुखायचं न्हाई.’ रेगेसाहेबांनी चार दिवसांत त्याच्या हातात कड्यांची पक्कड दिली. त्या संध्याकाळी तो इतका खूश होता की भाजी करपली तरी काही बोलला नाही.

त्यानं पुष्कळ पक्ष्यांना कड्या घातल्या. पिवळे धोबी, भिंगऱ्या, चिखल्या... आणि मग एका सकाळी ती तुतारी, म्हणजे पाणकाठचं एक पाखरू, जाळ्यात आली. मुठीएवढी, पाठीवर तपकिरी, पोटाला पांढरीशुभ्र. हा पक्षी थव्यात राहत नाही. पाण्याच्या कडेचा एखादा तुकडा धरतो आणि हिवाळाभर तिथंच एकटा शेपूट खालीवर करत फिरतो. मानेतात्या तिला ‘शेपूटहालवी’ म्हणायचे आणि ती बांधाच्या सांडव्याजवळच असते हे त्यांना माहीत होतं. मुकुंदानं तिच्या पायात कडी घातली, पक्कडीनं दाबली आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मी समोर बसलेलो. तो म्हणाला, ‘सैल वाटती रं.’ आणि परत दाबली. कडी पायावर मोकळी फिरली पाहिजे, खालीवर सरकली पाहिजे, हे रेगेसाहेबांनी सगळ्यांना शिकवलं होतं, त्यालाही. पण त्या घटकेला ते त्याच्या बोटांना आठवलं नाही. बोटांना अण्णांचं आठवलं.

रेगेसाहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘कासार, ही काढावी लागेल. टोकं एकमेकांवर चढली आहेत. पाय सुजला की आत रुतेल.’ त्यांनी खिशातून बारीक तारेचे दोन फास काढून त्याच्यापुढं धरले. एक एका बाजूनं, दुसरा दुसऱ्या बाजूनं कडीत ओवायचा आणि हळूच ओढून कडी उघडायची. मुकुंदानं फास हातात घेतले. आणि थांबला. मला वाटलं, कुठून धरायचं ते बघतोय. पण तो काहीच बघत नव्हता. त्याचा उजवा हात हवेत तसाच राहिला, डाव्या मुठीची पकड ढिली झाली, आणि तुतारी सुटली. पाण्यावरून खाली खाली उडत पलीकडच्या काठाला गेली. रेगेसाहेबांनी पुढची पिशवी उचलली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी आणि नंतर शिबिर संपेपर्यंत आम्ही सांडव्याजवळ जाळं लावलं. ती परत अडकली नाही. शहाणी झाली होती. दुर्बिणीतून दिसायची, पायात चकाकणारी कडी घेऊन शेपूट हलवत फिरायची. दुपारी सगळे सावलीला पडले की मुकुंदा एकटा बांधावर जाऊन बसायचा. एकदा मी त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेलो आणि सरळच विचारलं, ‘काढली का नाहीस? हातात होती की.’ तेव्हा त्यानं मला त्याच्या आत्याची गोष्ट सांगितली.

त्यांच्या घरात एक रीत होती. ज्या हातानं बांगडी भरली त्या हातानं ती उतरवायची नाही. बांगडी बदलायची तर गिऱ्हाइकानं स्वतः उतरवावी, घरच्या बायकांनी उतरवावी, पण कासाराचा हात फक्त भरायला. अण्णा ही रीत देवपूजेसारखी पाळत. मुकुंदा लहान असताना त्याची आत्या विधवा झाली. थोड्याच दिवसांपूर्वी अण्णांनीच बहिणीच्या हातांत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, अगदी घट्ट, कसबी. ज्या बायका आल्या त्यांना त्या काढता येईनात. मग त्यांनी आत्याचे हात जोत्याच्या दगडावर धरून त्या फोडल्या. काचेचा तुकडा मनगटात घुसला, रक्त थांबेना. ‘आणि अण्णा बाहेर ओट्यावर बसलं हुतं,’ मुकुंदा म्हणाला. ‘साबण लावून अख्ख्या काढाय येत हुत्या त्यास्नी. सगळ्या मिरजेत त्यास्नी एकट्यालाच येत हुत्या. पर उठलं न्हाईत. मी त्यांच्या तोंडाकडं बघत हुतो... आन् आज माझा हात तसाच ऱ्हायला की रं, जाधव्या.’

मी त्याला म्हणालो की ती बाई होती आणि हे पाखरू आहे. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यानं भाकरी घेतली आणि निम्मी मला परत दिली.

त्यानंतर त्यानं पक्कड हातात घेतली नाही. जाळ्यातून पक्षी सोडवायचा, पिशव्या आणायचा, पण कडी घालायला कुणी सांगितलं तर ‘दुसऱ्या कुणाला द्या’ म्हणायचा. शाळा सुरू झाली तरी हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. पक्षी विसावा घेताना एक पाय पिसांत ओढून उभे राहतात, ही साधी गोष्ट त्याला ठाऊक होती. तरी कुठं ओढ्याकाठी एका पायावर पाखरू दिसलं की हा सायकल टाकून उतरायचा. एकदा तर तो नदीकाठी एका बगळ्यासमोर उभा राहिला, त्यानं दुसरा पाय खाली टाकेपर्यंत. मला त्यावरून चेष्टा करायची सोय नव्हती. तो हसायचा नाही. चित्रकलेच्या तासाला मुलांना पक्षी काढायला द्यायचा आणि पायच तपासायचा. उन्हाळ्यात, तुताऱ्या हिमालयाकडं परतून गेल्यावर, एकदा जेवताना मला म्हणाला, ‘एवढ्या लांब गेली असंल व्हय रं ती, त्या पायानं?’ मी म्हणालो, उडायला पाय लागत नाहीत. ‘उतराय लागत्यात की,’ तो म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं शिबिर सुरू व्हायच्या आधीच तलावावर पोचलो. मानेतात्या फाट्यावर उभे होते. त्यांनी रामराम घातला नाही, पिशवी घेतली नाही. मुकुंदाला म्हणाले, ‘मास्तर, आलीया ती. शेपूटहालवी. सांडव्यावरच हाय. पर लंगडती.’ मुकुंदा चालायचं सोडून पळायलाच लागला. मी मागून दोन्ही पिशव्या घेऊन.

ती खरोखरच तिथं होती. त्याच दगडांवर. पायात कडी, आणि तो पाय ती टेकत होती न टेकल्यासारखा. रेगेसाहेब आल्यावर आम्ही जाळं लावलं, काढलं, जागा बदलली. ती पुन्हा पुन्हा चुकवायची. शेवटी मानेतात्यांनी पलटणीतली अक्कल चालवली. सांडव्याच्या दोन्ही अंगांना माणसं निजवली, स्वतः पाण्यातून सावकाश आले, आणि ती उडाली ती थेट जाळ्यात. मुकुंदानं तिला सोडवून आणलं. आम्ही सगळ्यांनी पाय पाहिला. कडीच्या वर सुजून गाठ आलेली, कातडी कडीवर चढलेली, खालची बोटं आत वळलेली. रेगेसाहेबांनी हात पुढं केला. ‘द्या इकडे, मी काढतो.’ त्यांना गेल्या वर्षीचं सगळं आठवत होतं, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मुकुंदा म्हणाला, ‘न्हाई साहेब. माझ्या हातची हाय. मीच काढणार.’

त्यानं फास ओवले. पक्षी मी धरला होता. माझ्या तळव्याला तिचं काळीज लागत होतं, इतकं भरभर की मला भीती वाटायला लागली. मुकुंदाच्या कपाळावर थंडीत घाम होता. तो पुटपुटत होता, हात ढिला सोड ताई, हात ढिला सोड... आणि तार ताणत होता, जरा थांबत होता, परत ताणत होता. कडी उघडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. रेगेसाहेबांनी जखमेवर औषध लावलं. कडी मुकुंदाच्या हातात होती. तिच्याकडं त्यानं नीट पाहिलंही नाही, साहेबांकडं देऊन टाकली आणि पाण्याच्या काठाशी जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होता.

रेगेसाहेबांचं म्हणणं पडलं की दुसऱ्या, चांगल्या पायात नवी कडी घालू, म्हणजे पुढच्या वर्षी ओळखता येईल. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं आणि मी तसं बोललोही. मुकुंदा माझ्यावर असा उखडला की मानेतात्या मध्ये पडले. ‘ऱ्हाऊ द्या वो साहेब,’ ते म्हणाले. ‘तिची डिवटी संपली, आता रजा द्या तिला.’ साहेब हसले आणि तुतारी तशीच सोडली गेली. त्या हिवाळ्यात ती लंगडत का होईना सांडव्यावर टिकली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला इतरांबरोबर गेली. त्याच्या पुढच्या वर्षी सांडव्यावर तुतारी होती. तीच होती का? मुकुंदा म्हणायचा तीच, चालताना जरा डावीकडं कलती. मी म्हणायचो, पायात कडी नाही तर सिद्ध काय करणार? हा वाद आम्ही पुढं जन्मभर घातला, लग्नकार्यांत, फोनवर, एकदा तर माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात. तो मिटला नाही याचं मला आता बरंच वाटतं.

मुकुंदा पुन्हा कड्या घालायला लागला. दर कडी घातली की ती बोटानं फिरवून, खालीवर सरकवून बघायचा आणि मगच सोडायचा. बांगड्यांच्या बाबतीतही त्याच्यातला कासार बिघडला. घरच्या कार्यात पोरीबाळींच्या हातांत बांगड्या तोच भरायचा, पण माप एक नंबर वाढीव. माझ्या मुलीच्या लग्नात चुडा त्यानं भरला, तेव्हा ती बिचारी सप्तपदीत एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या सावरत चालत होती. बायका कुजबुजायच्या की सरांचा हात गेला. सुमनवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, तो दर संक्रांतीला स्वतः बांगड्या भरायचा. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुणाचा हात त्यांच्या हाताला लागू दिला नाही. म्हातारपणी वहिनींच्या बोटांचे सांधे संधिवातानं सुजले. तेव्हा भरायला वेळ लागायचा, दोघांची भांडणं व्हायची, पण संक्रांत चुकली नाही.

या वर्षी त्याला मिरजेत दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी भेटून आलो. उशीला टेकून बसला होता, हात पांघरुणावर, थरथरत. रोगाबद्दल आम्ही बोललो नाही. तुतारीबद्दल बोललो, ठरल्याप्रमाणे भांडलो. मी निघताना तो म्हणाला, ‘एक काम ऱ्हायलंय रं.’ मी म्हणालो सांग, करतो. ‘तुझ्यानं व्हायचं न्हाई ते,’ म्हणाला. मला वाटलं, नेहमीसारखा खोचकपणा. मी त्याच्या पायावर चापट मारली आणि निघालो. तेच शेवटचं.

अंत्यविधीला गर्दी होती, वहिनींशी बोलणं झालं नाही. तेरावं होऊन काही आठवडे उलटल्यावर परत मिरजेला गेलो. दार वहिनींनीच उघडलं, आणि माझं लक्ष आधी त्यांच्या हातांवर गेलं. हिरव्या बांगड्या. आमच्या पिढीच्या माणसाला नवऱ्यामागं असं बघायची सवय नाही, आणि मी काही फार सुधारलेला नाही, चपापलो. वहिनींनी ते ओळखलं. ‘बसा भावजी,’ म्हणाल्या, आणि मी न विचारताच सांगायला लागल्या.

मी भेटून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच मुकुंदानं विद्याला बादलीत कोमट पाणी आणि साबण आणायला लावला. वहिनींना कॉटवर शेजारी बसवलं आणि त्यांचा हात मांडीवर घेतला. ‘मला वाटलं हात धुत्यात माझा,’ वहिनी म्हणाल्या. ‘मग कळलं, बांगड्या काढाय लागल्यात. मी हात वढला, वराडले, म्हटलं असलं अभद्र जित्या माणसानं करायचं व्हय? तर म्हणले, सुमन, माझ्या हातच्या हायत. माझ्यामागनं त्यास्नी कुणाचा हात लागाय नको. ओट्यावर नुसतं बसून ऱ्हायाचं न्हाई मला.’ हात थरथरत होते, वहिनींचे सांधे सुजलेले. एक बांगडी निघाली की तो उशीवर मान टाकायचा, दम घ्यायचा, मग दुसरी. वहिनी रडत होत्या आणि तो पुटपुटत होता. काय पुटपुटत होता, ते मी वहिनींना विचारलं नाही. सगळी दुपार गेली. एकही बांगडी पिचली नाही. रुमालात बांधून त्यानं त्या वहिनींच्या हाती दिल्या.

तो गेला त्या दिवशी भाऊबंदांतल्या बायका आल्या, रीतीप्रमाणं. वहिनींचे हात समोर केले, तर दोन्ही मोकळे. फोडायला काही नव्हतंच. बायका एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या आणि मग बाजूला झाल्या.

‘आणि या?’ मी शेवटी विचारलंच.

‘तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रुमालातल्या काढून मीच भरल्या,’ वहिनी म्हणाल्या. ‘आमच्या नणंदबाई तवापासनं बोलत न्हाईत माझ्याशी. न्हाई बोलल्या तर न्हाई. त्यांनी भरलेल्या त्यांनी काढल्या, भावजी. ह्या माझ्या मी भरल्यात. साबण लावला, अंगठा दुमडला, ते करायचे तसंच सगळं केलं.’ त्यांनी डावा हात पुढं केला. त्या हातात उजव्यापेक्षा एक बांगडी कमी होती.

‘काढताना त्यांनी एक पिचू दिली न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘घालताना मी एक पिचवली. मला कुठं येतंय त्यांच्यासारखं.’ आणि चहा टाकायला आत गेल्या.